नव्वद-दहाची शिडी

आई शिडीवरून पडली त्या दिवशी तिचा फोन मला सकाळी पावणेनऊला आला. हॉस्पिटलमधूनच बोलत होती. "मनगटाला बारीकशी चीर आहे, पोटरीला सात टाके घातलेत. मी ठणठणीत आहे, उगाच धावत येऊ नकोस." आईचं 'येऊ नकोस' म्हणजे काय ते मला चाळीस वर्षांच्या अनुभवाने कळतं. दुपारच्या गाडीत मी बसलेली होते.

आई अडुसष्ट वर्षांची. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून नोकरी केली, निवृत्त झाली, बाबा गेले, आणि त्यानंतरच्या वर्षी तिने समुद्रात पोहायला सुरुवात केली. सात-आठ जणांचा कंपू आहे त्यांचा. सगळे साठीच्या पुढचे. रोज सकाळी सात वाजता जुन्या काँक्रीटच्या धक्क्यावरून पाण्यात उतरतात, समोर तरंगणाऱ्या पिवळ्या बोयापर्यंत जातात, परत येतात आणि थर्मासमधला चहा पितात. मी लांबच्या शहरात नोकरीला. समुद्राच्या पाण्यात चालणारे पंप बनवणारी आमची कंपनी, आणि कुठल्या भागाला कुठला धातू वापरायचा हे ठरवणं माझं काम. कुठे दोन धातू एकमेकांना लागतात, कुठे पाणी साचतं, कुठला भाग आधी खाल्ला जाईल, हे मी दिवसभर बघत असते. आई माझी ओळख करून देताना "ही माझी मुलगी, गंजाची डॉक्टर" असं सांगते आणि समोरच्याचा चेहरा बघत राहते.

मी घरी पोचले तेव्हा ती पलंगावर उशांना टेकून बसली होती. डावा हात प्लॅस्टरमध्ये, पाय स्टुलावर. शेजारी तिच्या कंपूतल्या दातांच्या डॉक्टरबाई बसून संत्रं सोलून देत होत्या. काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. पोहून वर येताना आईने शिडीच्या वरून दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला, आणि ती पायरी एका बाजूने सुटून खाली गेली. आई धक्क्याच्या भिंतीवर आपटली. दोघांनी तिला ओढून वर घेतलं.

"मी झोपले असताना ठिणगी आले होते का गं?" आईने मधेच विचारलं.

"नाही आले," डॉक्टरबाई संत्र्याकडे बघत म्हणाल्या.

ठिणगीकाकांना मी ओळखत होते. आयुष्यभर जहाजांच्या इंजिनरूममध्ये वेल्डिंग केलेला माणूस. निवृत्तीनंतर घरामागच्या शेडमध्ये लोकांची गेटं, ग्रिलं दुरुस्त करायचे. बोलणं कमी, भुवया जळून जळून अर्ध्याच उरलेल्या. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. तीन वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या तिला उतरता येईनात, तेव्हा कुणालाही न सांगता त्यांनी पंधरा दिवसांत ती शिडी केली होती. वापरायचे सगळेच, पण म्हणताना 'ताईंची शिडी' म्हणायचे.

"पडल्यापासून फोनसुद्धा नाही," आई म्हणाली. "कुणी काही बोललं का त्यांना?"

"कुणी कशाला बोलेल? त्यांनीच ती शिडी खोलली, खांद्यावर घातली आणि निघून गेले."

आईने माझ्याकडे पाहिलं. "उद्या जाऊन ये. शिडीही बघ आणि माणूसही बघ."

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले. काका स्टुलावर बसले होते. पुढ्यातल्या लांब टेबलावर शिडी आडवी ठेवलेली, जणू कुणाला तपासायला झोपवलंय. मला बघून ते उठले, पण 'ये' म्हणायचं त्यांना सुचलं नाही.

"हात कसा आहे?" एवढंच विचारलं.

"सहा आठवड्यांचं प्लॅस्टर. आई तुमची वाट बघतेय."

शिडीकडे बोट दाखवून म्हणाले, "मला कळतच नाहीये. समुद्रात टिकणारं अॅल्युमिनियम आणलं होतं, बोटींना वापरतात तेच. पायऱ्या साफ करायला सुट्या करता याव्यात म्हणून बोल्ट लावले. बोल्टसुद्धा साधे नाही, उत्तम प्रतीचे स्टेनलेस. बघ, अजून चकाकतायत. भोवती पांढरं जमायचं, ते मी मीठ समजून पुसत आलो."

मी बघितलं. बोल्ट खरंच दुकानातून आणल्यासारखे होते. पण प्रत्येक बोल्टाभोवतीचं अॅल्युमिनियम कुरतडलं गेलं होतं. बोल्टापुरतं पाडलेलं भोक आता अंगठा जाईल एवढं झालं होतं आणि त्याच्या कडेला पांढरी पूड जमली होती.

मला सगळं सांगणं भाग होतं. मी म्हटलं, "काका, दोन वेगळे धातू एकमेकांना लागलेले आणि भोवती खारं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली ती. त्यात एक धातू सुखात राहतो आणि दुसरा झिजतो. स्टेनलेस सुखात राहिलं. अॅल्युमिनियम त्याच्या वाट्याचंही झिजलं. दोन्ही माल चांगला होता. दोघांना एकत्र आणायला नको होतं."

ते खाली बसले. "म्हणजे मी साधे अॅल्युमिनियमचेच रिव्हेट मारले असते तर..."

"तर टिकली असती कदाचित."

"उत्तमातलं म्हणून घातलं गं मी," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला तिथे उभं राहवेना.

आणि मग जे मी कुणालाच सांगणार नव्हते ते तोंडातून निघून गेलं. "काका, मी ही पांढरी पूड दोन वर्षांपूर्वी बघितली होती. सुट्टीवर आले होते. आई पाण्यात होती, मी धक्क्यावर बसून फोनवर ऑफिसचं काम करत होते. शिडीकडे नजर गेली. बोल्टाभोवती पांढरं दिसलं. ते काय आहे हे मला एका क्षणात कळलं होतं. आईला सांगू म्हटलं आणि तेवढ्यात पुढचा फोन आला. राहून गेलं. तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

काकांनी अर्ध्या भुवया वर केल्या. मला वाटलं आता चिडतील. ते उठले, कोपऱ्यातल्या शेगडीवर चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोरेच म्हणाले, "ताईंना सांगितलंस?"

"नाही."

"मग दोघं मिळून जाऊ. एकट्याने जायची माझीही हिंमत नव्हती."

आईने आमचं दोघांचं म्हणणं ऐकून घेतलं. आधी त्यांचं, मग माझं. माझं ऐकताना तिचा चेहरा जरा पडला, ते मी बघितलं. लहानपणी मी खोटं बोलले की पडायचा तसा. पण मग तिने प्लॅस्टरचा हात उचलून केस मागे सारायचा प्रयत्न केला, ते काही जमलं नाही, आणि तिला स्वतःचंच हसू आलं.

"झालं तुमचं रडगाणं? एकीला कळतं पण हात चालत नाहीत, एकाचे हात चालतात पण बोलायला तोंड नाही. आता दोघं मिळून मला नवी शिडी करून द्या. आणि ठिणगी, तुम्ही उद्यापासून चहाला यायचं. मला डाव्या हाताशिवाय थर्मासचं झाकण उघडत नाही."

मी ऑफिसला कळवलं की तीन-चार महिने इथूनच काम करीन. जेवणाच्या टेबलावर कागद पसरले आणि कामाला लागले. खरं सांगायचं तर माझं मन आधीच ठरलं होतं. सुपर ड्युप्लेक्स. आमच्या महागड्या पंपांना वापरतात ते स्टेनलेसचं थोरलं भावंड. मजबूत, खाऱ्या पाण्याला अजिबात भीक न घालणारं. मी शिडीच्या अकरा गरजा लिहून काढल्या. भरती-ओहोटी, लाटांचा मार, वजन, ऊन, जोड, सगळं. आणि आईला वाचून दाखवल्या.

आईने शेवटपर्यंत ऐकलं. मग पोटरीचे टाके नसलेला पाय उचलून टेबलाखालून माझ्या मांडीवर ठेवला. "तळवा बघ."

तळव्यावर बारीक बारीक जुने व्रण होते. पंधरा-वीस तरी. काही पांढरे झालेले, दोन-तीन अजून लालसर.

"हे कशाने?"

"शिडीवर ती पांढरी कवचं बसतात ना, खडकावर असतात तसली. ब्लेडसारखी धार असते त्यांना. दर महिन्याला ठिणगी खरवडून काढायचे, आठ दिवसांत परत हजर. आम्ही सगळे अनवाणीच चढतो. तुझ्या अकरा कलमांत पाय कुठे आहे?"

कुठेच नव्हता. इतकी वर्षं मी ज्यांच्यासाठी धातू निवडत आले त्या पंपांना पाय नसतात. मी खाली बारावं कलम लिहिलं, मग कागद फाडला आणि नव्या कागदावर तेच पहिलं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीतून चार धातूंच्या हातभर लांबीच्या पट्ट्या मागवल्या. नेहमीचं समुद्री स्टेनलेस, सुपर ड्युप्लेक्स, टायटॅनियम, आणि नव्वद टक्के तांबं, दहा टक्के निकेल असलेला एक मिश्रधातू. पार्सल काकांच्या शेडमध्ये उघडलं. पहिल्या तीन पट्ट्या त्यांनी पाहुण्यांकडे बघावं तशा बघितल्या. चौथी हातात घेतली, अंगठ्याने पुसली, नाकाला लावली, आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला.

"ही नव्वद-दहा! अगं, हिच्याबरोबर तीस वर्षं काढलीत मी. जहाजात समुद्राचं पाणी खेळवणारे सगळे पाइप हिचेच. डोळे मिटून जोड मारीन."

"मग शिडीला का नाही वापरली?"

ते गोंधळले. "पाइप म्हणजे आतून पाणी. बाहेरूनही पाणी असू शकतं हे डोक्यातच आलं नाही कधी."

आम्ही पट्ट्या धक्क्यावरून पाण्यात सोडल्या. नव्वद-दहाच्या दोन होत्या. एक मी नायलॉनच्या दोरीने बांधली. दोरी संपली म्हणून दुसरी काकांनी जाड लोखंडी तारेने धक्क्याच्या कडीला बांधली. मी तेव्हा आईच्या खुर्चीसाठी सावली शोधत होते, त्यामुळे माझं लक्ष नव्हतं.

पुढचे दहा आठवडे आई रोज सकाळी कंपूबरोबर धक्क्यावर यायची. तिला पाण्यात उतरायला बंदी होती, म्हणून खुर्चीवर बसून ती बाकीच्यांच्या हातापायांच्या चुका काढायची. काका तिच्यासाठी थर्मास उघडायचे आणि कपात चहा ओतून द्यायचे. सहाव्या आठवड्यात तिचं प्लॅस्टर निघालं. दुसऱ्या दिवशी काकांनी सवयीने थर्मासला हात घातला आणि आईने तो त्यांच्याकडे सरकवला. माझ्याकडे बघितलं नाही. मीही समुद्राकडे बघत राहिले.

दहा आठवड्यांनी पट्ट्या वर काढल्या. सगळा कंपू गोल करून उभा. नेहमीच्या स्टेनलेसला दोरीच्या गाठीखाली टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडले होते, आणि वर कवचांचा थर. सुपर ड्युप्लेक्सला ओरखडासुद्धा नाही, पण कवचं तेवढीच. टायटॅनियम तर दिसतच नव्हतं, एवढी वस्ती त्याच्यावर.

"हे सगळ्यात भारी ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हो. त्याला काहीच होत नाही, ते पाण्यात काहीच सोडत नाही. म्हणून तर सगळे निर्धास्त घर बांधतात त्याच्यावर."

नायलॉनवरची नव्वद-दहा बाहेर आली ती तपकिरी, गुळगुळीत. हात फिरवला तर थोडा बुळबुळीतपणा, तो फडक्याने निघून गेला. एकही कवच नाही. काकांनी मोठ्या उमेदीने आपली तार ओढली. आणि वर आली ती पट्टी कवचांनी भरलेली.

काकांचा हात खाली आला. "माझ्या हाताला यशच नाही बघा," ते आईला म्हणाले.

मी पट्टी घेतली, तार बघितली आणि मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाठीवर थापच मारली. "काका, तुम्ही मोठं काम केलंत! हा धातू स्वतःचं अगदी थोडंसं तांबं पाण्यात सोडत राहतो. ते या जिवांना सोसत नाही, म्हणून ते बसत नाहीत. पण लोखंडाला जोडला, की त्याच्या बदल्यात लोखंड झिजतं आणि हा आरामात पडून राहतो. मग येतात सगळे राहायला. तुमची ही तार नसती तर आपण शिडी सरळ धक्क्याच्या आतल्या सळयांना टेकवून बसवली असती, आणि चार महिन्यांनी तुम्ही परत खरवडत बसला असता."

"म्हणजे हिला लोखंडाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही."

"अजिबात नाही."

काकांनी ती कवचांची पट्टी परत मागून घेतली आणि पिशवीत ठेवली. नंतर शेडच्या भिंतीवर ती खिळ्याला टांगलेली मी बघितली. खिळ्यावर त्यांनी आधी रबराची नळी चढवली होती.

कंपनीत लांबी चुकली म्हणून बाजूला पडलेले नव्वद-दहाचे पाइप होते. माझ्या साहेबांनी ते आनंदाने दिले. हा धातू स्टेनलेसपेक्षा मऊ, म्हणून जाड भिंतीचे पाइप निवडले. शिडीच्या अंगात बोल्ट एकही नाही. उभ्या पाइपांना आरपार भोकं पाडून पायऱ्या त्यातून घातल्या आणि चारही बाजूंनी जोड मारले, म्हणजे पाणी साचायला फट राहणार नाही. काका वेल्डिंग करत असताना मी पहिल्यांदाच त्यांना नीट बघितलं. वेल्डिंगच्या काळ्या काचेआड गेले की त्यांचा संकोच कुठल्या कुठे जायचा. हात असा चालायचा की जणू कुणी ओळीने टाके घालतंय. आई दुपारचा डबा घेऊन यायची आणि दाराशी उभी राहायची, ठिणग्यांकडे बघू नका असं दहादा सांगूनही.

एके दिवशी जोड घासता घासता काकांनी मला विचारलं, "तुझे बाबा कसे होते गं?"

"बडबडे," मी म्हटलं. "आईला बोलू द्यायचे नाहीत."

त्यांनी यावर बराच विचार केलेला दिसला. चार जोड घासून झाल्यावर म्हणाले, "मला ऐकायला आवडतं."

"माहीत आहे," मी म्हटलं. "तिलाही कळलंय ते."

त्यांचे कान लाल झाले आणि ते परत काचेआड गेले.

शिडी बसवायचा दिवस ओहोटीचा निवडला. काँक्रीटमध्ये भोकं पाडली, प्रत्येक भोकात प्लॅस्टिकचा जाड कोष घातला, वर प्लॅस्टिकच्या चकत्या, मग नव्वद-दहाच्याच पकडी त्याच धातूच्या बोल्टांनी आवळल्या. सगळं झाल्यावर मी मीटर काढला, धातूला धातू लागत असेल तर वाजणारा. एक टोक शिडीला लावलं, दुसरं धक्क्याच्या उघड्या सळईला. मीटर गप्प राहायला हवा होता.

तो वाजला.

खालच्या डाव्या पकडीचा बोल्ट आत कुठेतरी सळईला लागत होता. पाणी चढायला लागलं होतं. कंपूतले एक-दोघं म्हणाले, एवढ्याशा स्पर्शाने काय होतंय, राहू दे आता. मी काकांकडे बघितलं. ते गुडघाभर पाण्यात उतरलेसुद्धा होते. पकड सोडवली, भोक दोन बोटं सरकवून नवं पाडलं, जुनं बुजवलं, नवा कोष बसवला. तोवर पाणी त्यांच्या छातीपर्यंत आलं होतं आणि आई वरून ओरडत होती, "पुरे झालं, या वर, सर्दी होईल!"

मी परत मीटर लावला. सगळे कान देऊन उभे. एकदा लावला, दोनदा लावला. आवाज नाही.

"बसली," काका वर येत म्हणाले. म्हणजे पकड बसली की शिडी बसली, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आई निळा पोशाख घालून धक्क्यावर उभी होती. साडेतीन महिन्यांनी. तिने दोन्ही हातांनी पाइप धरले, तोंड भिंतीकडे केलं, आणि पहिली पायरी उतरली. दुसऱ्या पायरीपाशी ती थांबली. तिचा पाय हवेत होता. काका तिच्या डोक्याशी वाकून उभे राहिले. 'उतरा' म्हणाले नाहीत की 'घाबरू नका' म्हणाले नाहीत. नुसते तिथे राहिले. तिने पाय टेकवला. मग सगळं वजन टाकलं. मग त्याच पायरीवर उगाचच दोनदा दाबून बघितलं, बाजारात गादी बघतात तसं.

"गार आहे," ती म्हणाली. "पण छान लागते पायाला."

उरलेल्या पायऱ्या ती भरभर उतरली, पाण्यात पाठीवर पडली आणि केवढ्याने तरी हसली. बाकीचे एकामागून एक उतरले. काका मात्र वरच. वाकून एकेक जोड तपासत होते, हात फिरवत होते.

"अरे, बघत काय बसलायस?" आई पाण्यातून ओरडली. "ये ना!"

मी दचकले. इतक्या वर्षांत तिने त्यांना 'तुम्ही' सोडून दुसरं काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनीही नसावं, कारण जोडावरचा त्यांचा हात तिथेच थांबला. मग त्यांनी शर्ट काढला, नीट घडी घालून खुर्चीवर ठेवला, आणि स्वतः केलेल्या शिडीवरून सावकाश खाली उतरले.

दोघं बोयाकडे निघाली. आई बोलत होती, ते ऐकत होते. मधेच लाटेने तिचं वाक्य तोडलं की ते मान वळवून थांबायचे. बोयाशी पोचल्यावरही ती दोघं परत वळली नाहीत, तिथेच त्याला धरून तरंगत राहिली.

डॉक्टरबाई टॉवेल गुंडाळून माझ्याशेजारी येऊन बसल्या. "ओतलेला चहा निवतोय," त्या म्हणाल्या. "हाक मारू का त्यांना?"

"नको," मी म्हटलं. "चहा आपण नवा करू."